जुनी वायर विकणे आहे

दसरा उलटला की मध्यमवर्गीय घरांत एक वार्षिक सोहळा सुरू होतो. पंचांगात त्याची तिथी दिलेली नसते, तरी तो चुकत नाही. घरातला धाकटा मुलगा स्टुलावर चढतो, माळ्यावरच्या वस्तू एकेक करून खाली देतो, आणि खाली उभी असलेली मंडळी प्रत्येक वस्तूवर निकाल देतात : ठेवा, देऊन टाका, विका. ठेवायच्या वस्तूंवर आजीची सत्ता चालते. देऊन टाकायच्या वस्तूंसाठी पूर्वी बोहारीण होती. जुन्या जरीच्या साडीवर एक स्टीलचे पातेले टेकवून ती निघून जाई आणि दोन्ही पक्ष आपण जिंकलो असे समजत. विकायच्या वस्तूंचे मात्र दरवर्षी अवघड होत चालले आहे. जुनी सायकल, जुना मिक्सर, लोखंडी कपाट यांचा भाव गल्लीतले पोरही सांगेल. पण अलीकडे काही घरांतून अशी एक वस्तू निघू लागली आहे, की जिचा भाव सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. ती वस्तू म्हणजे गाण्याच्या यंत्राची विजेची वायर.

वायर म्हणजे साधी वायरच. भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंत वीज नेणारी, दीड-दोन मीटर लांबीची. संगणकाला असते तशी. यंत्राबरोबर ती फुकट येते, आणि हरवली तर दोन-तीनशे रुपयांत दुसरी मिळते. पण ज्यांना गाणे ऐकण्याचा शौक जडला आहे आणि तो शौक ज्यांच्या खिशाला पेलतो, त्यांच्यासाठी याच वायरीचे उंची अवतार निघतात. अंगठ्याएवढी जाडी, वर साडीच्या काठासारखे विणलेले वेष्टन, पिनांना सोन्याचा मुलामा, आणि ठेवायला मखमलीचा खण असलेली लाकडी पेटी. किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि काही लाखांपर्यंत चढते. वाचकांनी हसू नये. पैठणीचा भाव ऐकून परदेशातला मनुष्यही असाच हसेल.

असली थेरे मुंबई-पुण्याची, परभणीसारख्या गावाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याने परभणी पाहिलेली नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे इथला माणूस छाती पुढे काढून सांगतो, आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हेही तोच हसत हसत सांगतो. निजामाच्या राज्यात नांदलेला हा मुलूख. कव्वाली आणि कीर्तन ही दोन्ही इथल्या कानांना सारखीच ओळखीची. शहरात तुराबुल हक यांचा उरूस भरतो, गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी, आणि आकाशवाणीचे परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर लावून सकाळचा चहा घेणारी माणसे इथल्या घरोघर होती. अशा गावात विद्यापीठातून किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थाच्या दिवाणखान्यात विलायती ॲम्प्लिफायर निघाला, तर नवल वाटायचे कारण नाही. देवगिरी एक्सप्रेसने मुंबई एका रात्रीवर आहे, आणि आता तर कुरिअरवाला खोके दारात आणून ठेवतो.

नवल आहे ते पुढचे. शौक पुरवून झाला आणि वायर विकायला काढली, म्हणजे ती काय सांगून विकायची? सायकल विकताना ‘चालते’ म्हणतात. मिक्सर विकताना ‘चटणी बारीक होते’ म्हणतात. या वायरीबद्दल काय म्हणायचे? ‘वीज जाते’ म्हटले तर ती दोनशे रुपयांच्या वायरीतूनही जाते. ‘गाणे गोड होते’ म्हटले तर मग आपण काहीतरी मोठे बोलून बसतो. सगळी अडचण या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

आधी वायर काय करते ते पाहू. हिशेब सोपा आहे, गृहिणींनी पान उलटू नये. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विजेला होणारा अडथळा मीटरमागे सुमारे १२ मिलिओहम असतो. दोन मीटरची वायर घेतली आणि जाणारी-येणारी तार धरली, तर चार मीटर तांबे झाले ; म्हणजे एकूण अडथळा सुमारे ०.०५ ओहम. यंत्र एक अँपिअर वीज ओढत असेल तर या वायरीत ०.०५ व्होल्ट खर्ची पडतो. सॉकेटात २३० व्होल्ट आहेत असे धरा. म्हणजे २३० रुपये घेऊन बाजारात निघालो आणि वाटेत पाच पैसे सांडले. उंची, जाड वायर घेतली तर कदाचित दोनच पैसे सांडतील. तीन पैशांची ही बचत खरी आहे, कोणी नाकारू नये. पण रब्बीत शेतीपंप सुरू झाले किंवा वैशाखात घरोघरचे कूलर लागले, म्हणजे त्याच २३० रुपयांतले दहा-पंधरा रुपये वाटेतच कसे नाहीसे होतात, ते परभणीकराला कोणी सांगायला नको.

शिवाय वीज यंत्रात शिरली की जशीच्या तशी गाण्याला जाऊन मिळत नाही. सॉकेटातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खात येते. जुन्या धाटणीच्या ॲम्प्लिफायरमध्ये आधी ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, मग डायोड तिचे हेलकावे एका दिशेला वळवतात, आणि मग मोठमोठे कपॅसिटर तिला साठवून सपाट करतात. दळलेले पीठ आधी चाळायचे आणि मग वस्त्रगाळ करायचे, तसा हा प्रकार. गिरणीतून डबा कोणत्या पिशवीतून आणला, याचा वस्त्रगाळ पिठावर किती परिणाम होणार?

आणि वीज येते तरी किती लांबून! जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे, तिथे २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र आहे. २०१३ साली दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावे लागले होते. कुठकुठली वीज एकत्र होऊन, मनोऱ्यांवरून, उपकेंद्रांतून, गल्लीतल्या डीपीवरून आणि घराच्या भिंतीत वीस वर्षांपूर्वी वायरमनने ओढून ठेवलेल्या तारेतून आपल्या सॉकेटात पोचते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. परभणीच्या शिवारांना त्याचे पाणी मिळते. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या वाफ्याशी येणारी शेवटची दोन हात चारी चांदीच्या पत्र्याने मढवली, आणि ‘आता ऊस अधिक गोड होईल’ म्हणाला, तर गावकरी त्याला काय म्हणतील ते लिहायला नको.

शौकिनांना हा दृष्टान्त मान्य नाही. ते म्हणतात, तुम्ही धरणाकडून मोजता, आम्ही वाफ्याकडून मोजतो. यंत्राच्या दृष्टीने हे पहिलेच दोन मीटर आहेत. उत्तर चतुर आहे, आणि अगदीच पोकळ नाही. पिन सैल असेल तर खरखर होते. अर्थिंग धड नसेल तर स्पीकरमधून भुंगा गुणगुणावा तसा आवाज येत राहतो. पंख्याचा रेग्युलेटर आणि स्वस्तातले दिवे विजेच्या तारांत बारीकसारीक कचरा सोडतात, आणि वायरीवर जाळीचे आवरण असेल तर आजूबाजूचा काही कचरा बाहेर राहतो. तेव्हा घट्ट पिनांची, पुरेशा जाडीची, नीट आवरणाची वायर असावी हे खरेच. पण एवढे गुण अंगी असलेली वायर हजार-दीड हजारात मिळते. पुढचे पैसे कशाचे, हा प्रश्न उरतोच. त्यात आणखी एक गंमत अशी, की यांतल्या पुष्कळ वायरींना अमेरिकी पद्धतीच्या चपट्या पिना असतात आणि आपल्या भिंतीत असतात गोल भोके. मग ती सोनेरी पिनांची वायर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या शंभर रुपयांच्या कन्व्हर्टर पिनेवर लटकते. जिल्ह्यातली सर्वांत स्वच्छ वीज कोणाच्या वाट्याला येते, असे विचाराल तर पारावरच्या कीर्तनाच्या भोंग्याच्या. तो मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याला ना हेलकावे, ना कूलर, ना शेतीपंप. तरी त्याचा आवाज कसा येतो हे आपण सारे जाणतो.

आता कोणी म्हणेल, हिशेब राहू द्या, कान काय सांगतो ते बोला. तेही झालेले आहे. २००४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ध्वनिशौकिनांच्या एका मंडळाने अशी परीक्षा घेतली. एका बाजूला हजारो डॉलरांची नामांकित वायर, दुसऱ्या बाजूला यंत्राबरोबर मिळणारी साधी वायर. कोणती जोडली आहे हे ऐकणाऱ्याला सांगायचे नाही. त्याने ऐकून ओळखायचे. एकूण १४९ उत्तरे आली, त्यांतली ७३ बरोबर निघाली. रुपया उडवून छाप-काटा केला असता तरी एवढीच निघाली असती. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की परीक्षा घेणारे कोणी टवाळ नव्हते. वायरींवर प्रेम करणारीच मंडळी होती, आणि निकाल लागल्यावर त्यांनी तो लपवला नाही. एका परीक्षेने जगाचा निकाल लागत नाही हे खरे. पण ज्याला फरक ऐकू येतो म्हणतात, तो वायर झाकली की ऐकू येईनासा व्हावा, याचा विचार करायला हवा.

तर मग शौकीन खोटे बोलतात काय? मुळीच नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आणि मंगळवारी सकाळी सहज केलेला शिरा यांत रवा तोच, तूप तेच, साखरही तेवढीच असते. तरी प्रसादाचा शिरा वेगळा लागतो, आणि हे सांगणारा मनुष्य आपल्या जिभेशी प्रामाणिकच असतो. नवी वायर आली, की शौकीन दिवे मंद करतो, घरच्यांना गप्प बसवतो, डोळे मिटतो, आणि शंभरदा ऐकलेली चीज पहिल्यांदा ऐकावी तशी ऐकतो. तंबोऱ्याची जी तार आजवर ऐकली नव्हती ती त्या रात्री ऐकू येते. ती तार आधीही तिथे होतीच. त्याने कान दिला नव्हता. त्याचा आनंद खराच म्हणायला हवा. पण प्रसादाची गोडी रव्याच्या बिलात मांडता येत नाही. शौकिनाने आपल्या घरी, आपल्या पैशाने घेतलेला आनंद हा त्याचा खाजगी मामला आहे. तोच आनंद दुसऱ्याला विकायला काढला, म्हणजे मामला खाजगी राहत नाही, आणि कायदा दार ठोठावतो.

कायद्याचे या बाबतीतले म्हणणे मोठे रंजक आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचे १६ वे कलम म्हणते, की काही ठराविक अपवाद सोडले तर मालाच्या गुणाची हमी आपोआप धरली जात नाही ; घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. हे वाचून विकणारा खूश होतो. पण त्याच्या आधीचा, १८७२ चा करार कायदा आहे. त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगताना एका घोड्याचे उदाहरण दिले आहे. आपल्या मुलखात घोड्याऐवजी बैल घेऊ. लाल कंधारी बैलाच्या मुलखात घोडा कशाला? एकाने आपला बैल लिलावात विकला. बैलात खोड आहे हे त्याला ठाऊक होते, तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसरा प्रकार असा : घेणारा म्हणाला, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर बैल निर्दोष आहे असे मी समजेन,” आणि विकणारा गप्प राहिला. तर ते गप्प राहणे म्हणजे बोलणेच होय, असे कायदा सांगतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांनी बाजारात उभे राहून पाहिले असले पाहिजे, इतके हे बरोबर आहे.

बैलाच्या बाजाराचा फायदा असा, की तिथे घेणाऱ्यालाही विद्या असते. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. जनावरांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. अशा बाजारात घेणारा आधी जबडा उघडून दात मोजतो. दोन दाती, चार दाती, जुळलेला. मग शिंगे, खूर, खांदा पाहतो, चालवून पाहतो, आणि मग उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरतो. वायरीला दात नाहीत. तिला चालवून पाहावे तर काय पाहायचे तेच ठरलेले नाही. घेणाऱ्यापाशी मोजायला काही उरत नाही ; त्याला विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. तेव्हा अशा वस्तूच्या विक्रीत विकणाऱ्याचा शब्द हाच मालातला मोठा भाग होऊन बसतो.

समजा, परभणीला वसमत रोडकडे राहणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. आपण त्यांना अण्णा म्हणू. उमेदीत त्यांनी काटकसर करून गाण्याचा संच जमवला, आणि निवृत्तीच्या पैशांतून पंचेचाळीस हजारांची वायर आणली. त्यांना फरक ऐकू आला. घरातल्यांना आला नाही, पण बोलले कोणी नाही. माणूस शांत बसून गाणे ऐकतो आहे, तर ऐकू द्यावे. पुढे अण्णा सत्तरीला आले. नातवंडे काय म्हणतात ते दोनदा विचारावे लागू लागले. कान तपासणाऱ्याने आलेख काढून दाखवला. वय वाढले की कान आधी बारीक, उंच स्वर सोडतो आणि मग खाली उतरतो. तरुण कानाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते, अण्णांचा आलेख चार हजारांपुढे कड्यावरून पडावा तसा कोसळला होता. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे त्यांना गिळल्यासारखी ऐकू येत. कानाचे यंत्र घ्यायला हवे होते, आणि त्याला पैसे लागतात. म्हणून वायर विकायला निघाली. वीस हजार आले तर एका कानाची बेगमी होणार होती.

सेलूचा एक मुलगा चौकशी करत येतो. नोकरीला लागून दोन वर्षे झालेली. अंगात शौक नुकता शिरलेला. पेटी उघडून मखमलीवरची वायर पाहताना त्याचे डोळे लकाकतात. अण्णांना ते डोळे ओळखीचे वाटतात.

“काका, वर्ष झालं पैसे साठवायलो याच्यासाठी,” तो म्हणतो. “फरक पडतो ना? तुमचा एवढा कान तयार. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी आपलं पडतोच असं धरतो.”

कायद्यातला तिसरा बैल अण्णांच्या दिवाणखान्यात येऊन उभा राहिला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला आहे. अण्णांनी नुसती मान जरी डोलावली, तरी वीस हजार हातात. मान न डोलावता गप्प बसले, तरी वीस हजार हातात. खोटे बोलण्याचेही कष्ट नाहीत. आणि ‘माझा कान आता गेला, मला काही ऐकू येत नाही’ हे तर त्यांनी अजून शेजाऱ्यांनाही सांगितलेले नाही.

अण्णा म्हणतात, “हे बघ बाळ, मी ही घेतली तेव्हा मला फरक वाटला होता. वाटला होता, एवढंच सांगतो. आज मला तुझं निम्मं बोलणं ओठांवरून समजतं, तेव्हा आजची साक्ष माझ्याकडं मागू नकोस. जाणते लोक मापून म्हणतात की फरक सापडत नाही. तुझ्या खोलीत अर्थिंग आहे का?”

“भाड्याची खोली आहे, काका. तिसऱ्या भोकात वायरच सोडलेली नाही मालकानं.”

“मग आधी ते करून घे. त्याला लागतील थोडे पैसे, पण जिवाला धोका टळेल आणि आवाजातली घूंऽघूं असली तर तीही जाईल. नंतर ही वायर आठ दिवस घेऊन जा. मित्राला बोलव. तू पाठ फिरवून बैस, त्यानं बटण बंद करून कधी ही लावावी, कधी साधी लावावी. सोळा वेळा कर, दर वेळी कागदावर लिही. बारा किंवा जास्त बरोबर आली तर पैसे घेऊन ये. नाही आली तर वायर घेऊन ये.”

अण्णांनी सोळा आणि बारा हे आकडे सहज घेतलेले नाहीत. नुसत्या अंदाजाने सोळांतली आठ-नऊ उत्तरे कोणाचीही बरोबर येतील. बारा किंवा अधिक येण्याचा संभव मात्र शंभरात चारांहून कमी. म्हणजे बारा आली, तर ती कानाने ओळखली असे धरायला जागा आहे. एवढे सांगून अण्णांनी आपले वीस हजार बहुधा घालवले, हे उघड आहे. कानाचे यंत्र लांबणीवर पडेल, आणि घरातही कोणी म्हणेल, की जगाचा शहाणपणा तुम्हालाच कशाला हवा होता? त्या प्रश्नाला अण्णांपाशी उत्तर असेलच असे नाही. पण त्या पोराच्या एका वर्षाच्या शिलकेला त्यांच्या एका होकाराने हात घातला असता, आणि पुढे गावात कुठे भेट झाली असती तर अण्णांनाच रस्ता ओलांडून जावे लागले असते. परभणी काही एवढे मोठे शहर नाही. पुढे वायर विकली गेली की परत आली, हे मी सांगत नाही. गोष्ट ‘समजा’ म्हणूनच सुरू केली होती.

आता ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी खरोखरच निघाली आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली म्हणजे बिल शोधा. नामांकित वायरींच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. बिल, पेटी आणि वायरीवरचा क्रमांक जुळला तरच जाणकार हात पुढे करतो. बिल नसेल तर नाही असे लिहा. वायर वारशाने आली असेल आणि तिच्यातले आपल्याला काही कळत नसेल, तर तेही लिहा. अज्ञान कबूल केल्याने भाव थोडा उतरेल, पण शब्द खोटा पडत नाही. पिना कोणत्या पद्धतीच्या, लांबी किती, मध्ये कोणी पिन बदलली आहे काय, पिनेवर जळाल्याची काळी खूण आहे काय, हे सांगण्याला मोल लागत नाही. पिन सैल झाली असेल किंवा वेष्टनातून तार दिसत असेल, तर ती वायर कितीही किमतीची असो, विकू नका. विजेला किमतीची भीड नसते. कंपनीची हमी पुष्कळदा पहिल्या गिऱ्हाइकापुरतीच असते, तेव्हा हमी आहे असे सांगण्यापूर्वी कागद वाचा. चांगल्या स्थितीतल्या वायरीला मूळ किमतीच्या निम्मे मिळाले तर समाधान माना. भंगारवाल्याला विचाराल तर तो तांब्याच्या वजनावर बोलेल आणि घरात हसू होईल. पण त्याचा भाव लक्षात ठेवा. सगळ्या कथा वजा केल्यावर उरतो तो तोच.

आणि पैशांचे. हल्ली फोनवरून एखादा अनोळखी मनुष्य वस्तू न पाहताच सौदा पक्का करतो, आणि ‘पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका’ म्हणतो. ध्यानात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. जो ग्राहक भाव करत नाही, वायरीबद्दल एक प्रश्न विचारत नाही, आणि घाई मात्र फार करतो, तो गाण्याचा शौकीन नव्हे. खरा शौकीन तासभर बसतो, चहा घेतो, आपल्या यंत्राची कुळकथा सांगतो, आणि शेवटी ‘विचार करून कळवतो’ म्हणतो.

अशा खऱ्या शौकिनासाठी जाहिरात कशी लिहावी, असे विचाराल तर मी अण्णांची लिहून देतो. हिच्यात ‘अप्रतिम’ नाही, ‘स्वर्गीय’ नाही, ‘फरक ऐकून थक्क व्हाल’ तर नाहीच. हिला उत्तरे कमी येतील, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

‘जुनी वायर विकणे आहे. ॲम्प्लिफायरची, विलायती, लांबी दोन मीटर. पाच वर्षे वापरलेली, पिना घट्ट, जळाल्याची खूण नाही. अमेरिकी पद्धतीची पिन. कन्व्हर्टर लागेल, तो फुकट देऊ. बिल व पेटी आहे. मूळ किंमत ४५ हजार, अपेक्षा २० हजार. विकणाऱ्याला आवाजात फरक वाटला होता. मोजून पाहिलेला नाही. आठ दिवस घरी नेऊन ऐकावी, न पटल्यास परत आणावी. येण्यापूर्वी फोन करू नये, ऐकू येत नाही. संध्याकाळी पाचनंतर घरीच असतो.’